बांधलेली पित्तनलिका आणि हायड्रोजनचे पाणी

गेल्या पावसाळ्यात वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजार येथे विज्ञान शिक्षकांच्या एका लहानशा मेळाव्यासाठी आम्हाला बोलावणे आले होते. मंगरूळपीर तालुक्यातले हे गाव. समृद्धी महामार्गावरून उतरण्याची सोय आता गावाजवळच झाली असल्याने नागपूरकडून येणाऱ्याला ते पूर्वीपेक्षा जवळचे वाटते. आमचा विषय होता 'वायू आणि त्यांचे गुणधर्म'. जस्ताच्या तुकड्यांवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतून हायड्रोजन तयार करणे, पेटती काडी नेल्यावर होणारा 'फट्' असा आवाज, हे सर्व यथासांग झाले. चहाच्या वेळी एका शिक्षकांनी खिशातून घडी घातलेले छापील पत्रक काढून आमच्या हातात ठेवले.

"सर, आमच्या सासऱ्यांना पंधरा दिवसांपासून कावीळ आहे. हे मशीन घ्यावं का नाही, तेवढं सांगा."

पत्रक पाण्यात हायड्रोजन विरघळवून देणाऱ्या एका यंत्राचे होते. असे पाणी प्याल्याने मुक्तमूलकांचा नाश होतो, यकृत स्वच्छ होते आणि पित्तमार्गाच्या अडथळ्यामुळे झालेली कावीळसुद्धा बरी होते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे, असा त्यातला मजकूर होता. असे प्रयोग झाले आहेत हे खरे. ते आम्ही वाचलेही होते. परंतु पत्रकातले विधान त्या प्रयोगांतून निघत नाही. का निघत नाही, हे आम्ही त्या शिक्षकांना वीस मिनिटे समजावून सांगितले. त्या उत्तरात आमच्याकडून एक मोठी चूक झाली. ती शेवटी सांगू. आधी प्रयोगांची समीक्षा करू, कारण वर्गात विज्ञान शिकवणाऱ्याला असे पत्रक आज ना उद्या कोणीतरी दाखवणारच.

पित्ताचा मार्ग

यकृत दिवसाला साधारणपणे पाऊण ते एक लिटर पित्त तयार करते. हे पित्त बारीक नलिकांतून गोळा होत मुख्य पित्तनलिकेत येते. ही नलिका जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते आणि ती लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उघडते. वाटेत पित्ताशयाची पिशवी असते. जेवणाच्या वेळेपर्यंत पित्त तेथे साठवले जाते.

पित्तात दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली म्हणजे पित्तक्षार. साबण जसा तेल पाण्यात मिसळू देतो, तसे हे क्षार अन्नातील स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळवतात. दुसरी बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य. तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्यावर त्यांतील हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन तयार होते. यकृत त्याला पाण्यात विरघळेल असे रूप देते आणि पित्तावाटे आतड्यात सोडते. आतड्यातील जिवाणू त्याचे रूपांतर करतात आणि त्यातूनच विष्ठेला तिचा नेहमीचा तपकिरी रंग येतो.

आता मुख्य नलिका बंद झाली असे समजा. खडा अडकल्याने, नलिकेच्या किंवा स्वादुपिंडाच्या गाठीने, जुन्या जखमेमुळे नलिका आकसल्याने, क्वचित जंत शिरल्यानेही असे होते. काही तान्ह्या बाळांत तर पित्तनलिका जन्मतः किंवा जन्मानंतर लगेच बुजलेल्या असतात. अशा वेळी पित्त मागे तुंबते. बिलिरुबिन रक्तात उतरते, डोळे आणि त्वचा पिवळी होते. विरघळणारे बिलिरुबिन मूत्रपिंडातून बाहेर पडते, म्हणून लघवी गडद होते. आतड्यात मात्र ते पोचत नाही, म्हणून विष्ठा पांढुरकी, शाडूच्या मातीसारखी दिसू लागते. अंगाला खाज सुटते. स्निग्ध पदार्थांबरोबर शोषले जाणारे 'के' जीवनसत्त्व मिळेनासे होते आणि रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला तर थंडी वाजून ताप येतो आणि रुग्णाचा जीव धोक्यात येतो.

यकृतावर होणारा परिणाम हळूहळू होतो. साबणासारखे वागणारे पित्तक्षार तुंबले की ते यकृताच्या पेशींची आवरणे आणि पेशींतील तंतुकणिका यांनाच बाधा करतात. दाह सुरू होतो, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि ऑक्सिजनचे अतिक्रियाशील अणुगट, म्हणजेच मुक्तमूलके, मोठ्या प्रमाणावर तयार होतात. त्यांनी आणखी पेशी मरतात. दाह फार काळ चालला तर यकृतात तंतूंचे जाळे वाढते. हायड्रोजनचा संबंध येतो तो या मुक्तमूलकांच्या पायरीवर. नलिका बंद होण्याशी त्याचा काही संबंध नाही, हे वाचकांनी येथेच ध्यानात ठेवावे.

प्रयोग काय होते?

हायड्रोजन हा शरीराच्या दृष्टीने निष्क्रिय वायू, अशी समजूत दीर्घकाळ होती. १९७५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात, त्वचेच्या गाठी असलेल्या लहान उंदरांना उच्च दाबाखाली हायड्रोजन दिल्यावर गाठी आक्रसल्याचे वृत्त आले, पण त्याचा फारसा पाठपुरावा झाला नाही. खरी चालना मिळाली ती २००७ मध्ये. टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधील शिगेओ ओहता यांच्या गटाने 'नेचर मेडिसिन' मध्ये दाखवले की, मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ रोखलेल्या उंदरांना हायड्रोजन मिसळलेली हवा दिली तर मेंदूची इजा कमी होते. हायड्रोजन सर्व मुक्तमूलकांना हात लावत नाही, फक्त सर्वांत घातक अशा हायड्रॉक्सिल मूलकासारख्यांनाच निवडून नष्ट करतो, असा त्यांचा खुलासा होता. शरीरातील उपयुक्त मूलकांना धक्का न लावता घातकांचा समाचार घेणारा स्वस्त वायू! ही कल्पना आकर्षक होती आणि जपान, चीन येथे अनेक प्रयोगशाळांनी ती उचलून धरली.

आपल्या विषयाचा प्रयोग २०१० मध्ये 'लिव्हर इंटरनॅशनल' मध्ये प्रसिद्ध झाला. तो चिनी संशोधकांचा होता. त्यांनी पांढऱ्या मोठ्या उंदरांची, म्हणजे प्रयोगशाळेत ज्यांना रॅट म्हणतात त्यांची, मुख्य पित्तनलिका शस्त्रक्रिया करून बांधली. काही उंदरांची केवळ पोट उघडून बंद करण्याची खोटी शस्त्रक्रिया केली. नलिका बांधलेल्यांपैकी काहींना साधे लवणजल आणि काहींना हायड्रोजन विरघळवलेले लवणजल दिले. दहा दिवसांनी यकृत तपासले. नलिका बांधलेल्या उंदरांत यकृतपेशी फुटल्याचे दर्शवणारी विकरे, दाहाचे निदर्शक रेणू आणि स्निग्ध द्रव्यांच्या ऑक्सिडीकरणाचे अवशेष वाढले होते. हायड्रोजन मिळालेल्या उंदरांत ते कमी होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली यकृताची इजाही कमी दिसली.

या प्रयोगाची रचना चांगली आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. खोटी शस्त्रक्रिया केलेला गट ठेवल्याने भूल, टाके, पोट उघडणे यांचा परिणाम वेगळा काढता आला. साधे लवणजल मिळालेला गट ठेवल्याने लवणजलाचा परिणाम वेगळा काढता आला. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना सांगताना हे उदाहरण घ्यावे इतके ते स्पष्ट आहे. आमचा आक्षेप आहे तो प्रयोगातून नसलेला अर्थ काढण्याला.

पहिला आक्षेप: दोरा तसाच होता

दहा दिवसांनी उंदरांची पोटे उघडली तेव्हा पित्तनलिकेवरचा दोरा जेथे बांधला होता तेथेच होता. हायड्रोजनने तो सोडवला नाही, आणि सोडवील असे संशोधकांनी म्हटलेही नाही. त्यांचा प्रश्न मर्यादित होता: अडथळा कायम असताना यकृताची जी दुय्यम हानी होते ती कमी करता येईल का? हा प्रश्न उपयुक्त आहे. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर यकृत सांभाळण्यासाठी त्याचे उत्तर कधी कामी येऊ शकेल. पण मोरीचा पाइप तुंबला आणि घरात पाणी शिरले, तर पाणी उपसणे आणि पाइप मोकळा करणे ही दोन कामे वेगळी असतात. उपसण्याचे भांडे कितीही चांगले असले तरी पाइप मोकळा होत नाही. पत्रकाने 'हानी कमी होते' याचे 'कावीळ बरी होते' असे केले, ते येथे.

येथे प्राणिशास्त्राची एक गंमतही सांगितली पाहिजे. रॅट या उंदराला पित्ताशयच नसते. लहान उंदराला, म्हणजे माऊसला, ते असते आणि माणसालाही असते. शिवाय प्रयोगात नलिका एका क्षणी पूर्ण बंद केली जाते, तर माणसात खडा कधी अडकतो, कधी सरकतो, गाठ महिनोन्महिने वाढत जाते. उंदरांवरचे प्रयोग म्हणून निरुपयोगी ठरत नाहीत, पण त्यांवरून थेट माणसावर उडी मारता येत नाही.

दुसरा आक्षेप: साधे गणित

हायड्रोजन हायड्रॉक्सिल मूलकाशी अभिक्रिया करतो आणि पाणी तयार होते, हे रसायनशास्त्रात फार पूर्वीपासून ठाऊक आहे. प्रश्न आहे वेगाचा. हायड्रॉक्सिल मूलक इतके उतावळे असते की अब्जांश सेकंदातच ते जवळ येईल त्या रेणूवर तुटून पडते. मग पेशीतील गर्दीत ते हायड्रोजनला भेटण्याची शक्यता किती?

अकरावी-बारावीचे विद्यार्थी हे गणित करू शकतील. अभिक्रियेचा वेगस्थिरांक आणि पदार्थाची संहती यांचा गुणाकार करायचा. हायड्रोजनसाठी वेगस्थिरांक दर मोलर दर सेकंदाला सुमारे ४ कोटी आहे. पाणी हायड्रोजनने पूर्ण संपृक्त केले तरी त्याची संहती सुमारे ०.८ मिलिमोलरच होते. गुणाकार येतो सुमारे ३२ हजार. आता रक्तातली साखर घ्या. ग्लुकोजचा वेगस्थिरांक सुमारे १५० कोटी आणि रक्तातील संहती सुमारे ५ मिलिमोलर. गुणाकार येतो ७५ लाख. म्हणजे एकट्या ग्लुकोजच्या वाट्याला हायड्रोजनच्या सुमारे २३० पट अधिक मूलके जातील. प्रथिने, स्निग्ध पदार्थ, केंद्रकाम्ले अजून मोजलेलीच नाहीत. शिवाय पोटात गेलेल्या हायड्रोजनची ऊतींमधील संहती संपृक्त पाण्याइतकी कधीच राहत नाही. त्यातला बराचसा श्वासावाटे निघून जातो.

तेव्हा हायड्रोजन मूलकांना थेट पकडून नष्ट करतो, हा खुलासा आम्हाला पटत नाही. या क्षेत्रातील संशोधकांनाही ही अडचण जाणवली आहे. म्हणून पुढे पेशींतील संदेशवहनावर आणि संरक्षक विकरे तयार करणाऱ्या जनुकांवर हायड्रोजनचा परिणाम होत असावा, असे खुलासे पुढे आले. कारणमीमांसा डळमळीत आहे एवढ्यावरून निरीक्षण खोटे ठरत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण यंत्रणा नीट ठाऊक नसलेली गोष्ट 'मुक्तमूलकांचा नाश करते' अशा ठाम शब्दांत विकणे बरोबर नाही.

तिसरा आक्षेप: हायड्रोजन आपल्या पोटातच आहे

एक लिटर संपृक्त पाण्यात साधारण १.६ मिलिग्रॅम हायड्रोजन मावतो. वायू म्हणून त्याचे आकारमान १८ ते २० मिलिलिटर भरेल. पाणी उघडे ठेवले की तोही हळूहळू उडून जातो, कारण हवेत हायड्रोजन जवळजवळ नसतोच.

आता उलट बाजू पाहा. आपल्या मोठ्या आतड्यातील जिवाणू न पचलेल्या कर्बोदकांपासून हायड्रोजन तयार करतात. मायकेल लेव्हिट यांनी १९६९ मध्ये निरोगी माणसांच्या आतड्यातील ही निर्मिती मोजली. उपाशीपोटीही ती सरासरी मिनिटाला सुमारे पाव मिलिलिटर होती आणि आतड्यात शर्करा सोडल्यावर ती कित्येक पटींनी वाढली. मिनिटाला पाव मिलिलिटर म्हणजे दिवसाला ३५० मिलिलिटरच्या घरात. श्वासातील हायड्रोजन मोजून दुधातील शर्करा पचते की नाही हे ठरवण्याची तपासणी दवाखान्यांत होते, ती याच तत्त्वावर.

वाशीम जिल्हा तुरीचा, हरभऱ्याचा आणि सोयाबीनचा. या डाळींत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात. त्या पचवणारे विकर आपल्या लहान आतड्यात नसते, म्हणून त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोचतात आणि जिवाणूंना मेजवानी मिळते. हरभऱ्याची उसळ खाल्ल्यावर पोट गुबारते ते यामुळेच. शेलूबाजारच्या कुठल्याही घरात वरणभात जेवणारा माणूस यंत्राच्या पेलाभर पाण्यात मिळेल त्यापेक्षा कितीतरी अधिक हायड्रोजन स्वतःच तयार करतो. आतड्याचे रक्त प्रथम यकृतात जाते, म्हणजे तो यकृताला आधीच मिळत असतो! एकदम मिळणारा आणि सतत झिरपणारा हायड्रोजन यांचा परिणाम वेगळा असू शकतो, असे समर्थक म्हणतात. असेलही. पण मग ते दाखवून देण्याची जबाबदारी त्यांचीच आहे.

चौथा आक्षेप: दुसऱ्या प्रयोगशाळेत काय झाले?

विज्ञानात एका प्रयोगाने काही सिद्ध होत नाही. दुसऱ्याने, दुसरीकडे, तसेच काही करून पाहावे लागते. क्योटो येथील संशोधकांनी असे काम केले आणि ते २०१४ मध्ये 'हेपॅटॉलॉजी रिसर्च' मध्ये आले. त्यांनी लहान उंदरांना हायड्रोजनचे पाणी प्यायला दिले आणि यकृतात तंतू वाढण्याची क्रिया तीन वेगवेगळ्या प्रकारे घडवून आणली. पहिल्या प्रकारात कार्बन टेट्राक्लोराइड दिले, दुसऱ्यात थायोअॅसिटामाइड, आणि तिसऱ्यात पित्तनलिका बांधली. पहिल्या दोन प्रकारांत हायड्रोजनच्या पाण्याने तंतूंची वाढ लक्षणीय प्रमाणात कमी झाली. पित्तनलिका बांधलेल्या उंदरांत मात्र ती कमी झाली नाही.

आम्हाला हा निष्कर्ष या साऱ्या विषयातील सर्वांत बोलका वाटतो. कार्बन टेट्राक्लोराइड यकृतात गेल्यावर यकृतातीलच विकर त्याचे मुक्तमूलकात रूपांतर करते. तेथे मूलक हे आजाराचे मूळ आहे. पित्तनलिका बांधली असता मूळ कारण तुंबलेले पित्त हे असते आणि मूलके नंतर येतात. मुळावर घाव घातला तर उपयोग होतो, फांदीवर घातला तर होत नाही, असा या निकालाचा अर्थ आम्ही लावतो. हा अर्थ आमचा आहे आणि तो चुकीचाही ठरू शकेल. शिवाय २०१० चा चिनी प्रयोग आणि हा प्रयोग एकास एक नाहीत. तेथे मोठे उंदीर, येथे लहान. तेथे लवणजल, येथे पिण्याचे पाणी. तेथे दहा दिवसांची इजा मोजली, येथे तंतूंची वाढ. म्हणून एकाने दुसऱ्याला खोटे पाडले असे म्हणता येत नाही. पण ज्या पत्रकात पहिला प्रयोग येतो आणि दुसरा येत नाही, ते पत्रक विज्ञान सांगत नसून माल विकत आहे, एवढे नक्की म्हणता येते.

आणि माणसांत?

माणसांवरही थोडे काम झाले आहे. २०१३ मध्ये जुनाट हेपॅटायटिस बी असलेल्या ६० रुग्णांवरील चिनी अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांना नेहमीचे उपचार होते, निम्म्यांना त्याशिवाय सहा आठवडे हायड्रोजनचे पाणी दिले. या निम्म्या रुग्णांत ऑक्सिडीकरणाच्या ताणाचे निदर्शक सुधारले. पण यकृताचे कार्य आणि विषाणूंचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच सुधारले. म्हणजे प्रयोगशाळेतला आकडा बदलला, पण रुग्णाच्या यकृताला त्याचा वेगळा लाभ दिसला नाही. निदर्शक आणि आजार यांतला हा फरक विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवण्यासारखा आहे. गुणपत्रिकेतला आकडा वाढला म्हणजे मुलाला विषय समजलाच असे नाही, हे शिक्षकांना आम्ही काय सांगावे?

गंभीर संशोधन कसे असते तेही पाहा. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या बेशुद्ध रुग्णांना हायड्रोजन मिसळलेला वायू देण्याची चाचणी जपानमधील १५ रुग्णालयांत झाली आणि २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. कोविडच्या साथीमुळे ती ७३ रुग्णांवरच थांबवावी लागली. ९० दिवसांनंतर हायड्रोजन गटात ८५ टक्के आणि दुसऱ्या गटात ६१ टक्के रुग्ण जिवंत होते. तरीही जो मुख्य निकष आधी ठरवला होता, म्हणजे मेंदूचे कार्य चांगले राहणे, त्यात ५६ आणि ३९ टक्के असा फरक दिसूनही तो केवळ योगायोगाने पडला नसेल अशी खात्री देण्याइतका नव्हता, आणि संशोधकांनी तसे नोंदवले. हायड्रोजनमध्ये काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही, ते यासाठीच. तथ्य किती आहे ते अजून मोजले जात आहे. पित्तनलिकेचा अडथळा दूर करणारा उपाय म्हणून मात्र त्याला कोणताही आधार नाही.

माळ वाढते, कावीळ उतरते

आपल्याकडे काविळीवर गळ्यात माळ घालण्याची पद्धत जुनी आहे. वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे तुकडे सैल गाठींत गुंफून डोक्याला बसेल अशी लहान माळ करतात. काड्या सुकून आकसतात, गाठी सैलावतात, दोरा मोकळा होतो आणि माळ लांबत जाते. 'माळ वाढली, कावीळ उतरली' असे मग म्हटले जाते. दुसरा प्रकार चुन्याच्या निवळीने हात धुवून कावीळ 'उतरवण्याचा'. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असला, तर त्यातील द्रव्य अल्कधर्मी निवळीत पिवळे होते आणि पाण्यातून कावीळ निघाल्याचा भास होतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा प्रयोग करून दाखवतात आणि शाळेतही तो सहज करता येतो.

तरीही माळ घातलेले बहुतेक लोक बरे होतात, हे खरे आहे. कारण आपल्याकडची बहुतेक कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या हेपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंची असते. २०१२ मध्ये इचलकरंजीत हेपॅटायटिस ई ची अशीच मोठी साथ आली होती. गरोदर स्त्रिया आणि इतर काही रुग्ण यांना या आजाराचा गंभीर धोका असतो, पण बहुतेकांची कावीळ काही आठवड्यांत आपोआप ओसरते. माळ घाला, न घाला, ती ओसरणारच. श्रेय माळेला मिळते, कारण माळ न घातलेला गट कोणी शेजारी उभा करत नाही.

हायड्रोजनच्या पाण्याचे यंत्र घरी आणणाऱ्याचे नेमके हेच होणार. विषाणूची कावीळ असेल तर ती बरी होईल आणि यंत्राचे नाव होईल. नलिका बंद असेल तर मात्र माळ लांबत राहील, पाण्यात बुडबुडे येत राहतील आणि आत यकृत खराब होत राहील. चिनी संशोधकांनी साध्या लवणजलाचा गट ठेवला, तो हा घोटाळा टाळण्यासाठीच. ज्या काळजीने त्यांनी प्रयोग केला, ती त्यांचा दाखला देणाऱ्या पत्रकाने पार धुळीस मिळवली, याचा खेद वाटतो.

आमची चूक

शेलूबाजारच्या त्या चहाच्या वेळी आम्ही यातले बहुतेक सगळे सांगितले. दोरा, गणित, क्योटो, सारे काही. आजूबाजूला दहा-बारा शिक्षक जमले होते. आमचे बोलणे संपल्यावर मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी, त्या सातवीला विज्ञान शिकवतात, त्या शिक्षकांना विचारले, "सर, तुमच्या सासऱ्यांची शौच कोणत्या रंगाची होते?"

ते जरा संकोचले. मग म्हणाले, "पांढरी होते म्हणतात. अंगालाही खाज सुटली आहे."

हा प्रश्न आम्ही सर्वांत आधी विचारायला हवा होता. समोरचा माणूस यंत्राबद्दल विचारत होता, म्हणून आम्ही यंत्राबद्दलच बोलत राहिलो. आम्ही शोधनिबंधांची समीक्षा केली, पण रुग्ण विसरलो. पंधरा दिवसांची कावीळ, पांढरी विष्ठा आणि खाज म्हणजे नलिका बंद असण्याची दाट शंका. त्यात ताप आला तर एक दिवससुद्धा थांबता येत नाही. दुसऱ्याच दिवशी ते सासऱ्यांना घेऊन अकोल्याला गेले. सोनोग्राफीत मुख्य पित्तनलिकेत खडा अडकलेला दिसला. तोंडावाटे दुर्बीण घालून, नलिकेचे आतड्यातील तोंड किंचित कापून तो काढण्यात आला. ही पद्धत १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमध्ये सुरू झाली आणि आज आपल्याकडच्या मोठ्या शहरांत नेहमीची झाली आहे. खडा निघाल्यावर काही दिवसांत डोळ्यांचा पिवळेपणा ओसरू लागला, असे त्यांनी आम्हाला कळवले.

एवढ्यावरून काही सिद्ध होते असे आम्ही म्हणणार नाही. एका रुग्णाने काही सिद्ध होत नाही, हे तर आम्ही वर सांगितलेच. पण पत्रक हातात आल्यावर कोणत्या क्रमाने विचार करावा, हे त्या बाईंनी आम्हाला शिकवले. आधी विचारायचे: आजार नेमका कोणता आणि त्याचे मूळ कोठे? मग: हा उपाय त्या मुळावर काम करतो की परिणामांवर? मग: तुलनेला दुसरा गट होता का, दुसऱ्या कोणी तेच करून पाहिले का, आणि सुधारला तो केवळ आकडा की रुग्ण? हे प्रश्न सातवीच्या पाठ्यपुस्तकातील पचनसंस्थेच्या आकृतीसमोर उभे राहूनही विचारता येतात. पुढच्या वेळी ती आकृती फळ्यावर काढाल तेव्हा पित्तनलिकेच्या रेघेवर एक आडवी रेघ मारा, आणि मुलांना विचारा की आता कोणकोणत्या गोष्टींचा रंग बदलेल.